सगळ्या मंडळांचा सेक्रेटरी

तालुक्याच्या कॉलेजात पटावर विद्यार्थी कितीही असोत, कार्यक्रमाला येतात ते साठच. मंडळं मात्र वरून जेवढी सांगितली जातील तेवढी. आमच्या नगर जिल्ह्यातल्या कॉलेजाच्या माहितीपत्रकात वाङ्मय मंडळ आहे, निसर्ग मंडळ आहे, नाट्य विभाग आहे, विवेकवाहिनी, रेड रिबन क्लब, निवडणूक साक्षरता मंडळ, ग्राहक मंच, राष्ट्रीय सेवा योजना आणि भिंतीवरच्या एका फळ्यापुरतं उरलेलं विज्ञान मंडळही आहे. प्रत्येक मंडळाला अध्यक्ष म्हणून एकेक प्राध्यापक वाटून दिलेला असतो. आपण कशाचे अध्यक्ष आहोत हे काहींना कॉलेजाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती दारात आल्यावर कळतं. सचिव मात्र असे वाटता येत नाहीत, कारण सचिव एकच आहे.

तो तीन-चार वर्षांनी बदलतो. म्हणजे नाव बदलतं, गाव बदलतं, मोटारसायकल बदलते. सेक्रेटरी तोच राहतो. स्टाफरूममध्ये आम्ही जुन्या आणि नव्या सेक्रेटरींचे किस्से एकमेकांत मिसळून सांगतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्याला शोधायचं असेल तर वर्गात जाऊ नये. हॉलच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि गेल्या वर्षीच्या फ्लेक्सच्या ढिगात तो कमरेत वाकून काहीतरी शोधत असतो. वरच्या खिशात दोन पेनं. त्यातलं चालणारं पाहुण्यांसाठी. पँटच्या खिशात टाचण्या. डाव्या मनगटात सेलोटेपचं रीळ कड्यासारखं घातलेलं. आणि जन्मात सिगारेट न ओढलेल्या या मुलाजवळ चोवीस तास काडेपेटी असते.

कायद्यानं पाहिलं तर तो कुणीच नाही. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या निवडणुका गेल्या आणि विद्यार्थी परिषदेत बसायला मार्क लागू लागले. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. आमच्याकडे पहिल्या येतात त्या मुली, आणि त्या पहिल्या येतात कारण त्या असल्या उद्योगांत पडत नाहीत. परिषदेच्या पहिल्या बैठकीला त्या येतात, सही करतात, चहा नको म्हणतात आणि लायब्ररीत जातात. कागदावरची परिषद अशी अभ्यासाला लागली की उरलेली परिषद सेक्रेटरी एकटा चालवतो. त्याचे दोन विषय राहिलेले असतात. २०१६च्या कायद्यात निवडणुका पुन्हा आल्या तेव्हा त्या वेळच्या सेक्रेटरीनं पांढरा कुर्ता शिवायला टाकला होता. २०१९ साली त्या होणार, होणार म्हणता म्हणता विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढं ढकलल्या गेल्या. कुर्ता शिवून तयार होता. तो त्यानं विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालात घालवला.

आता काडेपेटी. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमात दीपप्रज्वलनाइतका धोक्याचा क्षण दुसरा नाही. समई शिपाईमामांच्या ताब्यात, तेल कँटीनमधून, वाती कुणीतरी मुलगी घरून आणणार असते आणि नेमकी तिची एसटी चुकते. पाहुणे मेणबत्ती हातात घेऊन वाकतात, वरून पंखा गरगरत असतो. पंखा बंद करायला जावं तर ज्या बटणाखाली ‘पंखा’ लिहिलेलं आहे त्यानं माईक बंद होतो. पाहुणे वाकलेलेच. प्राचार्य हसऱ्या चेहऱ्यानं दात आवळून ‘अरे पंखा, पंखा’ म्हणतात. अशा वेळी स्टेजच्या खालून एक हात येतो, ज्योतीच्या बाजूनं आडोसा धरतो, पाचातल्या तीन वाती पेटतात, उरलेल्या दोन पेटल्याचं सगळे मान्य करतात आणि फोटो निघतो. फोटोत पाहुणे असतात, प्राचार्य असतात, समई असते आणि डाव्या कडेला कोपरापासून पुढं एक हात असतो. कॉलेजाच्या वार्षिकांकाची जुनी पानं चाळली तर सेक्रेटरीच्या घराण्याचा एवढाच छायाचित्रित पुरावा सापडतो.

फोटोचंही शास्त्र झालं आहे. पूर्वी कार्यक्रम झाला की फोटो काढत. आता फोटो निघावा म्हणून कार्यक्रम होतो, आणि यात मी एकट्या आमच्या कॉलेजाला दोष देणार नाही. बंगळूरच्या नॅकला दरवर्षी अहवाल पाठवावा लागतो. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ज्याच्या कोपऱ्यात नकाशा, अक्षांश, रेखांश आणि वेळ उमटलेली आहे असा फोटो. आमच्या कॉलेजाचा रस्ता त्या नकाशाला माहीत नाही, त्यामुळे कुसुमाग्रजांच्या जयंतीपासून एड्स जनजागृतीपर्यंत आमचे सगळे कार्यक्रम ‘अननेम्ड रोड’वर पार पडलेले आहेत. साठ मुलं एकदा हॉलमध्ये बसवली की ती उठायच्या आत सेक्रेटरी फ्लेक्स बदलतो. पहिल्या फ्लेक्सखाली ती वाङ्मयप्रेमी असतात, दुसऱ्याखाली जागरूक मतदार, तिसऱ्याखाली पर्यावरणरक्षक. फक्त पुढच्या रांगेतल्या मुलांना मागं आणि मागच्यांना पुढं बसवायचं, एवढी चतुराई त्यानं स्वतःहून शोधून काढली. एका प्राध्यापकांनी त्याला शर्ट बदलायलाही सुचवलं होतं. ‘सर, तेवढं खोटं नको,’ असं म्हणून त्यानं ते नाकारलं.

अहवाल तो कार्यक्रमाच्या आधी लिहितो. संगणक कक्ष चारला बंद होतो आणि कार्यक्रम साडेतीनशिवाय सुरू होत नाही, तेव्हा दुसरा इलाजच नाही. ‘कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ ही दोन वाक्यं सकाळी अकरालाच टाइप झालेली असतात. पाहुण्यांनी काय मार्गदर्शन केलं तेही. पाहुणे पोलीस निरीक्षक असतील तर मोबाईलचा विवेकी वापर, बँकेचे शाखाधिकारी असतील तर बचतीचं महत्त्व, माजी विद्यार्थी असेल तर ‘स्पर्धा परीक्षेला पर्याय नाही’. तो कधी चुकला नाही. एकदा पाहुणे आलेच नाहीत, तरी स्थानिक पेपरात त्यांचं भाषण व्यवस्थित छापून आलं. पाहुण्यांनी फोन करून कात्रण मागवून घेतलं.

पाहुणे मिळवणं हे निराळं खातं. विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची व्याख्यानमाला असते तेव्हा वक्ते आपोआप येतात. एरवी शोधावे लागतात, आणि एसटीच्या एका तिकिटात येऊन जाईल असा माणूस मिळाला तर उत्तम. राज्याच्या हद्दीबाहेरचा कुणी सापडला की चर्चासत्र राष्ट्रीय होतं. आमच्या मराठी विभागाला बेळगावनं अनेकदा राष्ट्रीय केलेलं आहे. सगळ्यांत लवकर मिळणारा पाहुणा म्हणजे गावातला कवी. तो बोलावल्याच्या आधी येतो. पंचाईत एवढीच की तो थांबत नाही. सेक्रेटरी आधी चिठ्ठी पाठवतो. कवी ती वाचतो आणि ‘रसिकांची फर्माईश आली आहे’ असं जाहीर करतो. मग चहा पाठवायचा. चहा पिऊन आवाज मोकळा होतो. शेवटचं हत्यार म्हणजे पाच दहाची एसटी. सेक्रेटरी दारात उभा राहून नुसतं घड्याळाकडे बघतो. मुली दप्तरं उचलतात, दप्तरांची खसखस हॉलभर पसरते, आणि ज्याला टीका थांबवू शकली नाही त्या कवीला परिवहन महामंडळ थांबवतं.

शहरातल्या वाचकाला ही एसटी नीट समजायची नाही. छोट्या कॉलेजचं सगळं सार्वजनिक आयुष्य वेळापत्रकाच्या दोन गाड्यांमध्ये बसवलेलं असतं. पुण्यामुंबईच्या कॉलेजात पोरं कट्ट्यावर बसतात, कॅफेत बसतात, अंधार पडला तरी हलत नाहीत. इथं अर्ध्याहून जास्त मुलं पासवर येणारी. गाडी गेली की पुढची मुक्कामाची, आणि मुक्कामाच्या गाडीनं मुलगी घरी गेली तर दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद होण्याची भीती. म्हणून नाटकाची तालीम दुपारी बारा ते दोन, गाण्याची निवड मधल्या सुट्टीत. प्रेमाचा कबुलीजबाब असलाच तर स्टँडवर, फलाटाला गाडी लागताना, कंडक्टरच्या साक्षीनं. तोही अर्धाच, कारण जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकायचा असतो.

आणि इथंच सेक्रेटरीची खरी महती आहे. वर्गात मुली डावीकडं, मुलं उजवीकडं. मधल्या वाटेत कुणी पेन पाडलं तरी दोन्ही बाजू कावऱ्याबावऱ्या होतात. मुलानं मुलीशी सहज बोलायची सोय नाही. बोलला तर ते संध्याकाळपर्यंत तिच्या गावच्या चावडीवर पोचतं. पण ‘मंडळाचं काम’ म्हटलं की सगळं माफ. ‘आभार तू मानतेस का?’ हे आमच्या आवारातलं सगळ्यांत लांबवता येणारं वाक्य आहे. आभार मानायचे तर यादी हवी, यादीत नावं कुठल्या क्रमानं हवीत हे ठरायला हवं, मंडपवाल्याचं नाव घ्यायचं की फक्त ‘ज्ञात-अज्ञात हातांचे’ म्हणायचं हा विचार व्हायला हवा; त्यासाठी भेटायला हवं, नंबर हवा. रांगोळीला किती रंग लागतात यावर एक मुलगा आणि एक मुलगी लायब्ररीच्या पायरीवर तासभर बोलत बसलेली मी पाहिली आहेत. प्राचार्य शेजारून गेले आणि ‘छान, कामाला लागा’ म्हणाले. रांगोळी त्या वर्षी निघालीच नाही. त्या दोघांच्या लग्नाला आम्ही सगळे होतो.

माझं तर मत असं आहे की ही एवढी मंडळं विद्यापीठाला वाटतं त्या कारणासाठी चालत नाहीतच. निसर्ग मंडळातल्या पोरांना निसर्गाचं कौतुक नाही, ती निसर्गातूनच रोज दहा किलोमीटर तुडवत येतात. त्यांना हवा असतो एकत्र बसायचा परवाना, आणि त्या परवान्यावर सहीशिक्का मारून देणारा एक सेक्रेटरी.

स्वतः सेक्रेटरीच्या पदरात यातलं काही पडत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्या मुली त्याला ‘दादा’ म्हणू लागतात, आणि एकदा दादा झालेला माणूस परत साधा वर्गमित्र होत नाही. रक्षाबंधनाला त्याच्या हातावर घड्याळाला जागा उरत नाही.

त्याला टक्कर देणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे सूत्रसंचालन करणारी मुलगी. तिच्याकडं चारोळ्यांची वही असते. वहीत पाहुण्यांसाठी दिवा आणि अंधार, प्राचार्यांसाठी वटवृक्ष आणि सावली, निवृत्त होणाऱ्यांसाठी सूर्यास्त अशी सोय लावलेली. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत हा क्रम तिला झोपेत पाठ. दोघांचं भांडण कायम एका मुद्द्यावर होतं. तिला दोन कार्यक्रमांच्या मध्ये चारोळीला जागा हवी असते, त्याला ती जागा खुर्च्या हलवायला हवी असते. शेवटी ती चारोळी म्हणते आणि मागून खुर्च्या हलवल्याचा आवाज येत राहतो. टाळ्या कशाला पडल्या ते कुणालाच कळत नाही.

त्याचं राज्य बघायचं तर हिवाळी शिबिराला चलावं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर हा तिचा प्राण. मुली आणि मुलं सात दिवस एका गावात राहणार ही कल्पना पालकांच्या गळी कशी उतरते याचं मला अजून नवल वाटतं. बहुधा ‘श्रमदान’ हा शब्द ऐकून ते निश्चिंत होत असावेत. सकाळी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटी आणि गाणी. दुपारचं बौद्धिक जेवणानंतर लगेच असतं. वक्ते ग्रामीण भारताच्या जागृतीवर बोलतात आणि समोर तरुण भारत शाळेच्या सतरंजीवर बसल्या बसल्या झोपतो. ‘नॉट मी बट यू’ हे योजनेचं ब्रीद पातेली घासायच्या पाळीला सगळ्यांना एकदम आठवतं. ज्याला आठवत नाही तो सेक्रेटरी. रात्री हापशापाशी तो एकटाच मोठं पातेलं घासत असतो. हरवलेली चप्पल कुणाची, पोटात कुणाच्या दुखतंय, सरपंचांना रुसवा कशाचा आला, कुणाच्या डोळ्याला पाणी का आहे हे सगळं त्याच्याजवळ. गावातल्या म्हाताऱ्यांची नावं त्याला पहिल्या दिवशी पाठ होतात. अर्थशास्त्राच्या पेपरात उपयोग होईल असं यातलं काहीच नसतं.

नाटकाकडं तो जरा हळवा होऊन बघतो. १९६३पासून पुण्यात चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाला आपलं नाटक न्यायचं हे आमच्याकडच्या प्रत्येक पिढीचं स्वप्न. मुलं भरत नाट्य मंदिराच्या पायऱ्या पहिल्यांदा चढतात तेव्हा देवळात शिरल्यासारखं चपला कुठं काढायच्या असं बघतात. आमच्या नाटकात दुष्काळ असतो, बाप असतो, आणि बाप शेवटी मरतो. तो बाप तालमीत इतक्या वेळा मेलेला असतो की प्रत्यक्ष स्पर्धेत त्याला मरायचा कंटाळा आलेला दिसतो. सेक्रेटरी विंगेत, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात तिसऱ्या प्रवेशातला कंदील. निकाल लागतो, परतीच्या गाडीत कुणी बोलत नाही. २०२२ साली मात्र परीक्षकांनी एकही नाटक करंडकाच्या तोलाचं नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. पुण्याच्या नाट्यवर्तुळात केवढी खळबळ! आमचा सेक्रेटरी मात्र पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला. ‘सर, मोठमोठी कॉलेजं आणि आपण एकाच ओळीत आहोत.’

गॅदरिंगबद्दल जास्त लिहीत नाही. ते सगळीकडं सारखंच असतं. साडी डे, टाय डे, पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी निम्मे शिवाजी महाराज आणि निम्मे वारकरी, आनंद बाजारात पहिल्या तासात संपलेली भेळ. शेलापागोट्यांचं मात्र सांगायला हवं. लायब्ररीबाहेर पेटी ठेवतात, मुलं निनावी चिठ्ठ्या टाकतात, आणि आदल्या रात्री सेक्रेटरी आणि दोन प्राध्यापक बसून त्या चाळतात. मुलींवरच्या वात्रट चिठ्ठ्या सेक्रेटरी आमच्यापर्यंत येऊच देत नाही, आधीच फाडतो. प्राध्यापकांवरच्या मात्र जपून वर ठेवतो. ‘थोडक्यात सांगतो असं म्हणून पाऊण तास घेणाऱ्या सरांना: घड्याळ.’ ‘तासाला न येता हजेरी घेणाऱ्या सरांना: दुर्बीण.’ तासिका तत्त्वावरच्या तरुण सरांना एकदा कुणीतरी ‘पगार’ असं एकाच शब्दाचं शेलापागोटं दिलं. हॉल हसला, सर हसले, आणि समोरच्या सोफ्यावर बसलेले संस्थाचालक छताच्या पंख्याकडं बघू लागले. ती चिठ्ठी सेक्रेटरीनं का गाळली नाही असं मी त्याला विचारलं. ‘दिसली नाही, सर,’ असं तो म्हणाला. त्याला सुतळीचा तुकडा हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता या सगळ्याला श्रेयांक लावले आहेत. सेवा योजना, खेळ, सांस्कृतिक काम यांचे दोन-दोन क्रेडिट गुणपत्रकात धरले जातात. ही बातमी आली तेव्हा सेक्रेटरी शेवटच्या वर्षाला होता, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाला; त्याला त्यातला अर्धाही मिळणार नव्हता. त्याला याचं दुःख झालं नाही. त्याला राग आला तो पहिल्या वर्षाच्या पोरांचा. सतरंजी उचल म्हटलं तर ‘दादा, याचं क्रेडिट कुठं लागतं?’ असं एकानं विचारलं. तो दिवसभर ते वाक्य ज्याला त्याला ऐकवत होता. शिपाईमामांनाही ऐकवलं. मामांना क्रेडिट म्हणजे उधारी एवढंच माहीत, त्यांनी कँटीनवाल्याकडं बोट दाखवलं.

पदवी मिळाल्यावर सेक्रेटरी जात नाही, एम. ए. मराठीला प्रवेश घेतो. मराठीवर प्रेम आहे का? आहेही. पण मुख्य म्हणजे हॉलची किल्ली अजून द्यायची असते आणि ती कुणाच्याही हातात देऊन चालत नाही. जुलैत प्रवेश सुरू झाले की मदत कक्षाच्या टेबलावर तो बसतो आणि फॉर्म तपासता तपासता पोरं न्याहाळतो. गाणारी, नाचणारी, मिमिक्री करणारी आपली आपण पुढं येतात. त्यांच्याकडं तो फारसं बघत नाही. गेल्या जुलैत मी शेजारीच होतो. वाडीवरून आलेला एक पोरगा खाली मान घालून उभा होता. गाता येतं का? नाही. नाटक? नाही. भाषण?

‘मला स्टेजची लई भीती वाटते, दादा.’

सेक्रेटरीनं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. ‘स्टेजवर जायचंच नाही आपल्याला. गावात सुतळी कुठं मिळते माहीत आहे?’

‘जाड पाहिजे का बारीक?’

त्यानं पुढचं काही विचारलं नाही. पोराचा नंबर घेतला, आणि फी भरायच्या खिडकीपर्यंत तो पोचायच्या आत त्याला मंडळांच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांत घालून टाकलं.